कोरियनचा ओटा: डाग, ओरखडे आणि रोजची पुसापुशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्या हाताला सवय काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याची. तीच सवय पांढऱ्या कोरियनवर, म्हणजे Corian नावाच्या ॲक्रिलिकच्या कृत्रिम शीटवर, चालवली की हळदीच्या डागाला माणूस उगाच घाबरतो आणि तापलेला तवा मात्र बिनधास्त टेकवतो. हवं नेमकं उलट. ग्रॅनाइटला आच चालते, पण त्यात तेल मुरतं. कोरियनमध्ये काही मुरत नाही, पण आच सोसत नाही. खालचे बरेचसे प्रश्न या एकाच गोंधळातून येतात.

आमचा ओटा कोरियनचाच आहे हे ओळखायचं कसं?

बाजारात अशा सगळ्याच पाट्यांना ‘कोरियन’ म्हणायची पद्धत पडली आहे. मूळचं ते ड्यू पाँट कंपनीचं नाव. तिथल्या डोनाल्ड स्लोकम या रसायनशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये हा प्रकार शोधला. आता हाय-मॅक्स, स्टॅरॉन अशीही शीट मिळते. या सगळ्या प्रकाराला सॉलिड सरफेस म्हणतात. ढोबळमानानं एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि दोन तृतीयांश ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी, असं हे मिश्रण. शीट बहुतेक वेळा १२ मिलिमीटर जाडीची असते आणि वरपासून खालपर्यंत एकाच मालाची. वर वेगळा थर नाही, म्हणूनच ती घासून पुन्हा नवी करता येते.

ओळखायच्या खुणा: हात ठेवला की ग्रॅनाइटइतकं गार लागत नाही. दोन तुकड्यांचा सांधा शोधूनही सापडत नाही. सिंकही त्याच मालाचं असेल तर ते ओट्यातूनच उगवल्यासारखं दिसतं. तरी शंका असेल तर ओट्याच्या कडेला खालच्या बाजूनं, जिथं कुणी बघणार नाही, पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवा. शीटच्याच रंगाची बारीक भुकटी सहज निघाली तर सॉलिड सरफेस. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ हातानं असा घासला जात नाही.

रोज कशानं पुसायचं?

कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. त्यानंतर साध्या पाण्याचं फडकं, आणि शेवटी कोरडं फडकं. हा तिसरा टप्पा लोक हमखास गाळतात. ‘ओटा रोज पुसते तरी मळकट दिसतो’ अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा तो मळ नसतो. न धुतला गेलेला साबण आणि वाळलेल्या पाण्यातले क्षार यांचा तो पापुद्रा असतो. एकावर एक साचत जातो आणि मॅट शीटवर ढगाळ पट्टे उमटतात.

तसे पट्टे आधीच असतील तर अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर घेऊन एकदा पूर्ण ओटा पुसा, साध्या पाण्यानं धुवा आणि कोरडा करा. काच पुसायचे स्प्रे मात्र रोज वापरू नका, काहींचा मेणचट थर मागे राहतो.

शेगडीच्या आजूबाजूला फोडणीचे शिंतोडे उडून बसतात, त्यांचं वेगळं आहे. ते तेल उष्णतेनं घट्ट होऊन चिकट होतं आणि नुसत्या पुसण्यानं फक्त पसरतं. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पाचेक मिनिटं पसरून ठेवा. मग मऊ घासणीनं गोल गोल फिरवलं की सुटतं. जोर लावावा लागत असेल तर अजून भिजायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

हळदीचा डाग जातो का? साबण लावला तर तो लाल झाला!

जातो. आणि लाल झाला म्हणून दचकू नका. शर्टावर वरण सांडल्यावर कपड्यांचा साबण लावला की पिवळा डाग लालसर होतो, हे घरोघरी पाहिलेलं असतं. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, अल्कलीत लाल होतं. हळदीत चुना कालवल्यावर होते तेच. साबण, खाण्याचा सोडा, भांड्यांची वडी हे सगळं कमी-अधिक अल्कलीच. लाल डागावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, पुन्हा पिवळा होईल. डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो.

कर्क्युमिनच्या आणखी दोन खोडी कामाला येतात. पहिली, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यामुळे ओल्या फडक्यानं कितीही रगडलं तरी हळद जागची हलत नाही. दुसरी, ते उजेडात टिकत नाही. खिडकीलगतचा हळदीचा डाग काही दिवसांत आपोआप फिका पडलेला दिसतो, तो यामुळे.

तर क्रम असा ठेवा. ताजा डाग असेल तर भांड्यांच्या लिक्विडनं लगेच पुसा, नव्वद टक्के वेळा काम तिथंच संपतं. सुकलेला असेल तर आधी बोटभर गोडेतेल चोळा, दोन मिनिटं थांबा, मग लिक्विडनं तेलासकट काढा. तेल पाहून बिचकू नका, या शीटमध्ये ते मुरत नाही. तरी छटा राहिली तर खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हातानं फिरवा. त्यानंतरही पिवळी झाक दिसत असेल तर दोन मार्ग: घाई नसेल तर ती जागा मोकळी ठेवा आणि उजेडाला तिचं काम करू द्या, घाई असेल तर पातळ केलेलं ब्लीच, त्याचं खाली सविस्तर सांगितलं आहे.

इतकं करूनही डाग दिसतो तेव्हा तो शीटच्या ‘आत’ गेलेला नसतो. विळी-सुरीच्या बारीक ओरखड्यांत हळद बसलेली असते. तिथं रसायनापेक्षा पॉलिश पेपर उपयोगी.

चहा, कोकम, बीट, जांभूळ, लोणच्याचं तेल?

यांतलं काहीही हळदीइतकं हट्टी नाही. लिक्विड, मग सोड्याची पेस्ट, बस्स. चहाचे गोल जुने असतील तर पेस्ट दहा मिनिटं लावून ठेवा. कोकमाचं आगळ रात्रभर सांडून राहिलं तरी पांढऱ्या संगमरवरासारखा इथं पृष्ठभाग खाल्ला जात नाही. लोणच्याच्या तेलात हळद असते, तेव्हा त्याला हळदीचाच क्रम.

ब्लीच वापरलं तर चालतं का? किती?

पांढऱ्या आणि फिकट शीटवर चालतं, पण रोजच्या सफाईला नव्हे. कपडे पांढरे करायचं साधं द्रवरूप ब्लीच घ्या, तितकंच पाणी मिसळा, पांढऱ्या फडक्यानं फक्त डागावर लावा. दहा मिनिटं पुष्कळ झाली. मग भरपूर पाण्यानं धुवून कोरडं करा. हातात मोजे, खिडकी उघडी. गडद रंगाच्या शीटवर आधी कोपऱ्यात लावून पाहा.

एक गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी: ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइन. दोन्ही श्वासाला घातक, आणि बंद स्वयंपाकघरात तर फारच. ‘एकानं जात नाही तर दोन्ही एकत्र करून बघू’ हा विचार मनात आला की ब्लीचची बाटली बंद करून ठेवा. व्हिनेगर लावायचं असेल तर आधीचं ब्लीच पूर्ण धुतलं गेलंय याची खात्री करून, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी.

नळाभोवती पांढरी कडी जमली आहे.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी. त्यातल्या कॅल्शियमचे क्षार थेंबाबरोबर सुकतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस किंवा टिश्यू नळाच्या बुडाशी गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग मऊ ब्रशनं घासा. थर जुना असेल तर एका बैठकीत जाणार नाही. चमच्यानं किंवा सुरीच्या टोकानं खरवडू नका. क्षार निघतील, सोबत शीटही निघेल.

स्टीलच्या पातेल्यानं काळपट रेघा उमटल्या. ओरखडे आहेत का?

बहुतेक वेळा नाहीत. ओट्याला भांड्यानं ओरखडलं नसून भांड्याचंच थोडं धातू ओट्यावर राहिलं आहे. ॲल्युमिनियमची पातेली आणि कुकरची भांडी यात आघाडीवर. रेघेवर नख फिरवा. अडकलं तर ओरखडा, गुळगुळीत लागलं तर धातूची खूण. खूण सोड्याच्या पेस्टनं किंवा घासायच्या सौम्य क्रीमनं निघते.

बॉलपेन, फेविक्विक, नेलपॉलिश?

पेन आणि मार्कर: कापसावर थोडं सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊन टिपा, लगेच पाण्यानं पुसा. फेविक्विक: प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेनं हळूहळू उचला, राहिलेला थर वॉटर पेपरनं (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर). नेलपॉलिशला ॲसिटोन नसलेलं रिमूव्हरच हवं. ॲसिटोन ॲक्रिलिकवरच चढाई करतं, त्या जागी पृष्ठभाग पांढुरका आणि खडबडीत होतो. सांडलंच तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

काय अजिबात लावू नये?

संडासाचं ॲसिड, फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायचं ॲसिड, तुंबलेल्या पाइपमध्ये टाकायची कॉस्टिकची भुकटी, पेंट रिमूव्हर, थिनर. शीटमधली पांढरी भुकटी तीव्र ॲसिडमध्येही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही, त्यामुळे ‘ॲसिड नको, मग कॉस्टिक चालेल’ असं इथं नाही. सिंक तुंबल्यावर कॉस्टिक टाकताना ओट्यावर दाणे सांडतात, ओल लागते आणि सकाळी तिथं खडबडीत ठिपके दिसतात. दाणे सांडले तर आधी कोरड्या फडक्यानं उचला, मग धुवा.

तारेची घासणी आणि हिरवी घासणी भांड्यांपुरती. भांडी घासून झाली की त्याच हातानं, त्याच घासणीनं ओटाही उरकला जातो, आणि कामाला येणाऱ्या मावशींना कुणी वेगळं सांगितलेलं नसतं. ओट्यासाठी वेगळ्या रंगाचा मऊ स्पंज आणा आणि तो भांड्यांच्या टबाजवळ ठेवू नका. सूचनांपेक्षा हे जास्त चालतं.

गरम कुकर ठेवला तर काय होतं? आमच्याकडे अजून काही झालेलं नाही.

‘अजून’ हा शब्द महत्त्वाचा. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. तापलेला तवा २०० च्या वर असू शकतो, आणि त्या तापमानाला शीटमधलं ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट आपल्यातलं पाणी सोडू लागतं. परिणाम म्हणजे पांढुरकी कडी, कधी हलकासा फुगवटा. पण याहून मोठं नुकसान डोळ्यांना लगेच दिसत नाही. एकच जागा तापते, फुगते, भोवतालची थंड शीट तिला धरून ठेवते. हे वारंवार घडलं की एक दिवस चीर जाते. ती हमखास शेगडीच्या किंवा सिंकच्या कापाच्या कोपऱ्यातून सुरू होते.

म्हणून लाकडी पाट, लोखंडी किंवा पितळी तिवई, निदान जाड कापडाची घडी. त्यातही पाय असलेली तिवई बरी, खाली हवा खेळते. दिवाळीत चकल्या-अनारसे तळताना किंवा पुरण शिजवताना शेगडीपेक्षा रुंद कढई चढते आणि तिचा पोटाकडचा भाग ओट्यावर ओणवा येतो, तासन्‌तास. तिथली आच कुणाच्या लक्षातच येत नाही. अशा दिवशी मोठ्या बर्नरवर कढई ओट्याच्या पुढच्या बाजूला सरकवू नका, शेगडीच्या मध्यभागी राहू द्या.

सिंक कोरियनचं असेल तर भाताचं किंवा शेवयांचं उकळतं पाणी ओतताना गार पाण्याचा नळ चालू ठेवा.

ओरखडे घरीच घासून काढता येतात का?

मॅट शीटवरचे हलके ओरखडे, हो. लागतं काय: हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, ४०० आणि ६०० नंबरचा, आणि शेवटच्या हातासाठी राखाडी रंगाचं बारीक स्कॉच-ब्राइट पॅड. ओटा धुवून घ्या. चिकटपणा राहिला तर पेपर लगेच बुजतो. जागा ओली करा, ४०० चा पेपर लाकडाच्या छोट्या सपाट तुकड्याभोवती गुंडाळा आणि हलक्या दाबानं गोल गोल फिरवा. दुधासारखं पांढरं पाणी सुटेल, ती शीटचीच भुकटी. अधूनमधून पुसून बोट फिरवून पाहा. ओरखडा गेला की ६०० चा, मग ओलं पॅड.

चूक होते ती जागेच्या आकारात. ओरखडा बोटभर म्हणून बोटभर जागाच घासली जाते, तिथं उथळ खळगा पडतो आणि दिवा लागला की चमक वेगळी दिसते. ओरखड्याच्या चारही बाजूंना वीतभर पुढे जा आणि कडेला दाब कमी करत न्या. ताजा ओरखडा पाहून थेट १२० चा पेपर हाती घेऊ नका, त्याच्या खुणा काढण्यात दुपार जाईल. आधी डब्यामागच्या कोपऱ्यात हात बसवून घ्या.

काळ्या किंवा गडद रंगाच्या शीटवर हे काम स्वतः करू नये असं माझं मत. तिथं प्रत्येक फिरक उठून दिसते. चकचकीत पॉलिशच्या शीटलाही हात लावू नका; ती चमक परत आणायला मशीन आणि बफिंग लागतं. तसा तर ओट्याला ग्लॉसी फिनिश घेणंच मला पटत नाही. दुकानात आरशासारखं दिसतं, पण पोळपाट चार महिने सरकला की त्यावर जाळं उमटतं. मॅट घ्या आणि सुखी राहा.

देवघरही कोरियनचं आहे. कुंकू आणि तेलाचे डाग कसे काढायचे?

कुंकू, गुलाल, अष्टगंध यांना आधी पाणी लावू नका. कोरड्या मऊ ब्रशनं, म्हणजे जुन्या रंगाच्या ब्रशनंही चालेल, झटकून कागदावर घ्या. ओलं फडकं लावलं की चिमूटभर कुंकू सगळ्या कोरीव नक्षीत पसरतं. झटकल्यावर राहिलेली छटा लिक्विडनं, मग स्पिरिट लावलेल्या कापसानं. नक्षीच्या खाचांत कापूस गुंडाळलेली काडी वापरा. आजकालच्या कुंकवात बरेचदा कृत्रिम रंग असतो, तो पांढऱ्या शीटवर थोडा रेंगाळतो; पातळ ब्लीचनं जातो.

निरांजन, समई, धूप यांखाली ताम्हन किंवा पितळी ताटली हवीच. तेलासाठी तर हवीच, आचेसाठी जास्त. मागे दिवे लावलेली पातळ जाळी असेल तर ज्योत तिच्यापासून चांगली लांब ठेवा. छतावर काजळी धरते, ती आधी कोरड्या कापडानं टिपा. ओल्यानं पुसली तर काळा पट्टा ओढला जातो.

हेच सगळं क्वार्ट्झच्या ओट्याला चालेल का?

साबण-पाणी चालेल. पॉलिश पेपर अजिबात नाही. क्वार्ट्झच्या पाट्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी असते आणि तिची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. या पाट्या कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ लागला म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरण्यावर बंदीच घातली. सॉलिड सरफेसच्या भुकटीत ही सिलिका नसते, तरी कोरडं घासताना तोंडाला मास्क बांधा. क्वार्ट्झला ब्लीच आणि तीव्र अल्कलीपासूनही दूर ठेवा.

ओटा सगळीकडेच पिवळट दिसतो, काही केल्या उजळत नाही.

दोन शक्यता. एक, वर्षानुवर्षांचा तेल-साबणाचा थर. एका कोपऱ्यात वीतभर जागेवर कोमट लिक्विड, मग व्हिनेगर, मग बारीक पॅड असं करून पाहा. तिथं खालून पांढरं निघालं तर पूर्ण ओट्याला तेच करायचं, किंवा कारागिराकडून मशीननं हलकं घासून घ्यायचं. दुसरी शक्यता मालाची. स्वस्त शीटमध्ये शुद्ध ॲक्रिलिकऐवजी पॉलिएस्टर मिसळलेलं असतं आणि ते उन्हानं पिवळं पडतं. घासल्यावर खालून पांढरं निघेल, पण पुन्हा ऊन लागलं की पुन्हा पिवळं. नवीन ओटा घेत असाल तर ‘शंभर टक्के ॲक्रिलिक’ असं बिलावर लिहून मागा, तोंडी नको.

चीर गेली किंवा टवका उडाला तर?

फेविक्विक, एम-सील, पांढरं सिमेंट यांपैकी काही भरू नका. भरलेलं सगळं आधी काढावं लागतं आणि दुरुस्ती मोठी होते. टवक्यात शीटच्याच रंगाचा ॲक्रिलिक चिकटवणारा माल भरून घासतात. चिरेला तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागतो. तुकडा त्याच लॉटचा असेल तर सांधा शोधून सापडणार नाही. वेगळ्या लॉटचा असेल तर एकाच नंबरच्या रंगातही फरक दिसतो. म्हणून ओटा बसतानाच सिंक आणि शेगडीसाठी कापलेले तुकडे कारागिराला घेऊन जाऊ देऊ नका. मागे शीटचा रंग आणि कंपनी लिहून माळ्यावर टाकून ठेवा.